नाईटवाल्याचा टॉवेल

भोसरीत रंगरावांच्या इमारतीत खाली तीन गाळे आहेत आणि वर सात खोल्या. गाळ्यांत दिवसभर प्रेस मशीन धडधडतं, लेथ किरकिरतात, कुणीतरी पत्र्यावर हातोडा घालत असतं. वरच्या खोल्यांतलं कुणी त्या आवाजाची तक्रार करत नाही. थर्ड शिफ्ट, म्हणजे रातपाळी करून आलेला माणूस प्रेसच्या धडधडीत निवांत झोपतो. पण गॅलरीत एखादं पोर रडलं, नाहीतर कुणी ठेचा कुटायला घेतला, की ताडकन उठून बसतो. बायकापोरांच्या आवाजालाच पुरुषाची झोप एवढी का घाबरते, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

तर म्हणून या सात खोल्यांत टॉवेलाची पद्धत आहे. नवरा थर्ड करून सकाळी आला, खाऊन आडवा झाला, की बायकोनं दाराच्या बाहेरच्या कडीला टॉवेल अडकवायचा. टॉवेल दिसला की गॅलरीतली पोरं आपापल्या घरात. भांडी मोरीत, दार लावून. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. चादरीवाला, लोणचीवाली, मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना जिन्यातूनच माघारी पाठवायचं. ही पद्धत कुणी सुरू केली ते आता कुणाला आठवत नाही. पण ती पाळली जाते की नाही हे बघायला सोजरबाई आहेत. त्या पहिल्या खोलीत, अगदी जिन्याच्या तोंडाशी राहतात, आणि टॉवेल लागलेला असताना गॅलरीत चप्पल जरी वाजली तरी त्यांची मान दारातून बाहेर येते.

नेहा चौथ्या खोलीत राहते. वय एकोणतीस. नवरा संघर्ष चाकणच्या एका कंपनीत लाइनवर आहे. मुलगी संबोधी साडेचार वर्षांची आणि मुलगा प्रबुद्ध सव्वा वर्षाचा. प्रबुद्ध हे नाव आजोबांनी मोठ्या हौसेनं ठेवलं. पण सध्या तो फरशीवर पडलेलं दिसेल ते तोंडात घालतो, त्यामुळे नावाला साजेसं वागायला लागेपर्यंत घरात त्याला पिलूच म्हणतात.

आपल्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं नेहा स्वतःच म्हणेल. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलं. मग दोन वर्षं एका प्लॅस्टिकच्या कंपनीत तयार पार्ट तपासायच्या टेबलावर कॉन्ट्रॅक्टवर काम केलं. त्या दोन वर्षांत कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तिनं इतकी पुस्तकं वाचली, की बसमधल्या पोरी तिला मॅडम म्हणायला लागल्या. गाण्याचंही तसंच वेड. विहारात जयंतीच्या कार्यक्रमाला ती कोरसमध्ये असायची, तेही मागच्या ओळीत, पण चेहरा असा खुललेला असायचा की मुख्य गायिकेनं जरा बाजूला सरकून हिला जागा द्यावी असं वाटायचं. पुढं लग्न झालं, संबोधी झाली, नोकरी सुटली. गाणी आणि पुस्तकं मात्र तिनं सुटू दिली नाहीत. मिळेल त्या फटीत ती तिनं टिकवून धरली, आणि या कामात तिला सगळ्यात जास्त मदत झाली ती नवऱ्याच्या शिफ्टची.

बाकीच्यांच्या घरात सोमवार-मंगळवार असतात, नेहाच्या घरात फर्स्ट, सेकंड आणि थर्ड असे आठवडे होते. फर्स्टचा आठवडा संघर्षचा. तो चार वाजता घरी यायचा. मग चहा, मग टीव्हीवर बातम्या, मग एखादा मित्र, मग जेवण. त्या आठवड्यात नेहाला स्वतःचं असं काही सुचायचंसुद्धा नाही. सेकंडचा आठवडा गाण्यांचा. संध्याकाळभर घर तिचं आणि पोरांचं. मुठीएवढा स्पीकर फोनला जोडून ती कणीक मळता मळता गाणी लावायची, संबोधी स्टुलावर उभी राहून लाटण्याच्या माइकमध्ये गायची, आणि पिलू बसल्या जागी बूड हलवून नाचायचा. थर्डचा आठवडा पुस्तकांचा. टॉवेल लागला की दारावर थाप नाही, वाटीभर साखर मागायला कुणी नाही. पोरं दबक्या आवाजात खेळून खेळून दुपारी झोपून जायची, आतल्या खोलीत पडद्यामागं संघर्ष घोरत असायचा, आणि नेहा पुढच्या खोलीत भिंतीला उशी लावून दीड-दोन तास वाचत बसायची. बायका नवऱ्याच्या नाईटला कंटाळतात. ही तिची वाट बघायची. अर्थात हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कसं.

पुस्तकं यायची विहाराच्या अभ्यासिकेतून. तिथं भरतीचा अभ्यास करणारी पोरं सकाळपासून ठिय्या मारून बसलेली असतात. त्यांना गोष्टींच्या पुस्तकांशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे कोपऱ्यातलं एक कपाट जणू नेहाच्याच नावावर होतं. फेब्रुवारीत तिला त्या कपाटात एक जाडजूड कादंबरी मिळाली. पुठ्ठा गेलेला, पहिली आठ पानं फाटलेली, त्यामुळे कादंबरीचं नाव काय आणि ती लिहिली कुणी, हे कळायला मार्ग नाही. तालुक्याच्या गावात खानावळ चालवणाऱ्या एका बाईची ती गोष्ट होती. तिचा धाकटा भाऊ भांडून परागंदा झालेला, आणि ती रोज एक ताट जास्तीचं वाढून ठेवणारी. नेहा त्या बाईत अशी गुंतली, की भाजीला फोडणी देतानासुद्धा मनात त्या खानावळीतल्या गिऱ्हाइकांचा विचार.

आणि नेमकं मार्चमध्ये संघर्ष पेढे घेऊन आला. कंपनीला ऑर्डर कमी आली होती आणि त्यांच्या लाइनची थर्ड शिफ्ट दोन-तीन महिन्यांसाठी बंद झाली होती. आता फर्स्ट आणि सेकंड, बस्स. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघता ही बातमी आनंदाचीच होती, आणि नेहाला आनंद झालाही. पण त्याच्या पाठोपाठ आपली वाचायची दुपार गेली हे मनात आलं, आणि नवऱ्याच्या सुखात आपल्याला असं कसं वाटतं म्हणून तिची तिलाच लाज वाटली. तिनं पेढा खाल्ला आणि ही बातमी शेजारी कुणाला सांगितली नाही. मुद्दाम लपवली असं नाही. विषय निघाला नाही, एवढंच.

कादंबरीची शेवटची चाळीस पानं राहिली होती. चाळीस पानं म्हणजे बसमध्ये असती तर एका खेपेत संपली असती. नऊ दिवस झाले, चाळीसची अडतीस झाली नाहीत. पुस्तक उघडलं की पिलूला शी. पिलूला धुऊन बसावं तर सोजरबाई, "आगं नेहा, जरा ह्या गोळ्यांवर काय लिव्हलंय ते वाच." त्या गेल्या की संबोधीला वहीत मोर काढून हवा. मोर काढला की त्याला पिसारा हवा. संध्याकाळी डोळे मिटायला लागायचे आणि खानावळवाली बाई त्याच ओळीवर ताट हातात घेऊन उभी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. संघर्ष फर्स्टला गेला होता. नेहानं कपडे धुतले, दोरी भरली, काखेत पिलू, हातात शेवटचा ओला टॉवेल. तिनं तो जाता जाता दाराच्या कडीला अडकवला आणि आत येऊन पिलूला थोपटायला लागली. दहा मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं वाटतंय. गॅलरी चिडीचूप होती. शेजारच्या पाचव्या खोलीत जयमाला ब्लाउज शिवते, तिचं मशीन थांबलं होतं. जिन्यात सोजरबाई कुणाला तरी दबक्या आवाजात हाकलत होत्या, "जा बाबा, माणूस निजलाय." नेहा टॉवेल काढायला उठली. कडीला हात लावला. पिलू झोपला होता, संबोधी झोपली होती, घड्याळात सव्वा वाजला होता. तिनं कडीवरचा हात काढून घेतला आणि येऊन पुस्तक उघडलं. त्या दिवशी तिची अकरा पानं झाली.

पहिली वेळ चुकून झाली, हे मान्य. दुसरी वेळ चुकून झाली नाही. चार दिवसांनी तिनं कोरडा टॉवेल कडीला लावला, नीट घडी घालून, आणि लावताना इकडंतिकडं बघितलं. पकडलं जाण्याची भीती तशी नव्हती. कोण गडीमाणूस कधी आला, कधी गेला, याच्याकडे सोजरबाई लक्ष देत नाहीत. ओव्हरटाइममुळं कुणाच्या येण्याजाण्याचा काही नेम नसतो, आणि शिवाय त्यांची सगळी नजर बायकांवर. भीती नव्हती, पण टोचणी होती. भिंतीपलीकडचं मशीन थांबलं की नेहाला ते ऐकू यायचं. लग्नसराईचे दिवस, जयमालाकडे ब्लाउजांचा ढीग पडलेला, आणि ती बिचारी हात बांधून बसलेली, कारण चौथ्या खोलीत माणूस निजलाय. नेहा मनाशी म्हणायची, फक्त आज. एवढी पानं संपू देत. दारुडासुद्धा असंच म्हणतो, हे तिला कळत होतं. पण खानावळीच्या दाराशी एक दाढी वाढलेला माणूस येऊन उभा राहिला होता, आणि तो भाऊच आहे की दुसरा कुणी हे कळल्याशिवाय थांबणं तिच्या हातात नव्हतं.

तिसऱ्या खेपेला गिरजाबाई आल्या.

गिरजाबाई म्हणजे नेहाच्या सासूबाई. त्या आणि सासरे साहेबराव पिंपरीला मोठ्या मुलाकडे राहतात. साहेबराव पिंपरीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं होते, त्यातली बरीचशी नाईट. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ते दुपारी गाढ झोपतात, आणि ते झोपले की आजही त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. गिरजाबाईंचा तर आवाजच तसा घडला आहे. त्या रागावल्या तरी कुजबुजल्यासारख्याच रागावतात, त्यामुळे समोरच्याला राग जास्त लागतो.

त्या दिवशी पावणेतीन वाजता नेहानं टॉवेल काढायला दार उघडलं. सहा पानं उरली होती, पण संघर्ष यायच्या आत तिला स्वयंपाकघर आवरायचं होतं. दार उघडलं तर जिन्याच्या वरच्या पायरीवर, कठड्याला टेकून, मांडीवर पिशवी घेऊन सासूबाई बसलेल्या. गॅलरीवर पत्रा आणि पत्र्यावर एप्रिलचं ऊन. पदरानं त्या गळ्याचा घाम पुसत होत्या.

"उठला का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

नेहा गडबडीनं बाहेर आली. "आई, तुम्ही कधी आलात?"

"झाला की दीड-पावणेदोन तास. टॉवेल दिसला, मग बसले हितंच. सोजरबाई म्हनत व्हत्या आत या, पन त्यांचा बी डोळा लागला. म्हनलं कशाला उठवा कुनाला."

"फोन करायचा ना."

"केला की. एक रिंग गेली आन् लगेच कट केला. म्हनलं फोनच्या आवाजानं उठंल त्यो."

फोन नेहानं सायलेंटवर टाकलेला होता. गिरजाबाई गुडघ्यावर हात दाबून उठल्या, चपला बाहेर काढल्या आणि चवड्यांवर चालत घरात आल्या. पिशवीतून कुरडयांचा डबा काढून त्यांनी तो कट्ट्यावर इतका अलगद ठेवला, की डब्यातल्या कुरडयांनाही कळलं नसेल. मग त्या आतल्या खोलीकडे वळल्या. झोपलेल्या लेकाचं तोंड बघावंसं कुठल्या आईला वाटत नाही?

"आई," नेहा म्हणाली. पण तोवर पडदा बाजूला झाला होता.

कॉटवर संबोधी आडवी पसरली होती, तिच्या पायाशी पिलू. संघर्षची उशी तिथं नव्हतीच. ती पुढच्या खोलीत भिंतीला लावलेली होती, तिच्यासमोर फरशीवर पालथं पुस्तक आणि अर्धा कप गार झालेला चहा. गिरजाबाईंनी कॉट बघितली, मग वळून उशी बघितली, मग पुस्तक. घाई कसलीच नव्हती त्यांना.

"फर्स्टला हाय व्हय त्यो?"

"हो."

"आन् टॉवेल?"

ते आताच उठून बाहेर गेले, असं म्हणता आलं असतं. पण ही बाई दोन तास जिन्यावर बसून त्या दारावर नजर ठेवून होती, आणि तसंही नेहाला खोटं पुढं रेटण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं. थर्ड बंद झालेली, ओला टॉवेल, अकरा पानं, नंतरचा कोरडा टॉवेल. सांगताना तिला स्वतःलाच ते इतकं क्षुल्लक वाटायला लागलं, की शेवटी शेवटी तिचा आवाज चिरका झाला. चोरी करावी तर काहीतरी मोठ्या गोष्टीसाठी. हिनं सहा घरं गप्प बसवली ती पुस्तकाच्या पानांसाठी, आणि सासूला उन्हात बसवलं ते वेगळंच. आता सासूबाई संघर्षला सांगतील, तो सोजरबाईंना तोंड दाखवू शकणार नाही, गॅलरीत नेहा म्हणजे ढोंगी बाई असं ठरेल. आणि दुपारचा तेवढा तुकडा, जो तिनं कुणाकडे मागितला नव्हता, तो कायमचा जाईल.

तेवढ्यात दारावर नखानं खरवडल्यासारखा आवाज झाला. टॉवेल अजून कडीलाच होता. सोजरबाईंनी दार लोटून फटीतून तोंड आत घातलं.

"गिरजाबाई, उठलं का पोरगं? न्हाई, ती जयमाला इचारतीया, मशीन चालू करू का म्हून. तिला सांच्यापातूर दोन बिलाउज द्यायचं हायती."

नेहा भिंतीकडे बघत उभी राहिली. गिरजाबाईंनी वाकून फरशीवरचं पुस्तक उचललं, कुठल्या पानावर होतं तिथं बोट घातलं, आणि मग सोजरबाईंकडे बघितलं.

"उठला," त्या म्हणाल्या. "मोरीत हाय. सांगा तिला, खुशाल चालू कर म्हनावं."

सोजरबाई गेल्या. जाताना कडीवरचा टॉवेल काढून त्यांनी आत खुर्चीवर टाकला, त्यांना तेवढा अधिकार आहे. मिनिटभरात भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं, आणि मग थांबायला तयार होईना. दोन तासांचं साचलेलं काम ती बाई एका दमात उपसायला बसली होती.

"ऐकलंस?" गिरजाबाई म्हणाल्या.

"हो."

"त्या मशीनवर पोट हाय तिचं. तुझ्यापायी बसली ती हात बांधून." आवाज तोच, कुजबुजल्यासारखा. "आन् दुसरं. उद्या तिचा नवरा खरंच रातपाळी करून येईल, ती टॉवेल लावंल. मग ह्या बाया काय म्हनतील? असंल नेहावानी, बसली असंल आत लोळत. कोन गप बसंल मग? त्या टॉवेलावर मानसं झोपत्यात, पोरी. झोप न्हाई झाली तर मशीनमधी हात जातो मानसाचा. तुझ्या सासऱ्याच्या शेजारी काम करनाऱ्याचा गेला व्हता."

"चुकलं माझं, आई."

"पुन्हा लावायचा न्हाई."

"नाही लावणार."

नेहाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही पश्चात्तापाचंच होतं असं नाही. टॉवेल गेला म्हणजे तो तासही गेला, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. पुन्हा थर्ड कधी सुरू होईल, होईल की नाही, पिलू मोठा होऊन शाळेत जाईपर्यंत किती वर्षं, हा हिशेब तिनं मनातल्या मनात करून पाहिला आणि सोडून दिला. चहाचा कप उचलून ती कट्ट्याकडे गेली, सासूबाईंसाठी पाण्याचा तांब्या भरला.

गिरजाबाई भिंतीला लावलेल्या उशीपाशी खाली बसल्या होत्या, पाय लांब करून. पुस्तक मांडीवर होतं, बोट अजून त्याच पानात. त्यांना वाचता येतं, पण सावकाश, अक्षराला अक्षर जोडून. पाणी पिऊन त्यांनी तांब्या बाजूला ठेवला.

"किती राहिलीत?"

"काय?"

"पानं."

"सहा," नेहा म्हणाली.

गिरजाबाईंनी मान हलवली. भिंतीपलीकडे मशीन चाललं होतं, खाली प्रेस धडधडत होतं.

"माझ्याकडं रेडिओ व्हता," त्या म्हणाल्या. "माझ्या भावानं दिल्याला, लग्नात. एवढासा. दुपारी गानी लागायची. मला लई नाद गान्याचा, तुला ठाऊक न्हाई, कुनालाच ठाऊक न्हाई. पन हे झोपल्यालं असायचं. तीन पोरं, एक खोली. मग मी काय करायची, रेडिओ गोधडीत गुंडाळायची, आवाज अगदी बारीक, आन् गोधडीला कान लावून पडायची. शब्द कळायचं न्हाईत. नुसतं आत काईतरी वाजतंय, एवढंच."

"मग?"

"मग काय. तरी बी हे उठायचे. म्हनायचे, बंद कर ती कटकट. एक दिस दिऊन टाकला रेडिओ, ह्यांच्या पुतन्याला."

नेहा त्यांच्याजवळ बसली. सात वर्षं ती या घरात सून आहे. सासूबाईंना कुरडया कशा आवडतात, चहात साखर किती, कुठला गुडघा दुखतो, सगळं तिला पाठ होतं. गाण्याचं मात्र तिला माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

आत पिलू कुरकुरला. नेहा उठायला लागली, तर गिरजाबाईंनी तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं आणि स्वतः उठल्या. पिलूला काखेत घेतलं, संबोधीला उठवून हाताला धरलं. ती डोळे चोळत आजीला चिकटली.

"मी पोरास्नी गच्चीवर नेते. टाकीच्या मागं सावली हाय. तू दार लाव आतनं."

"आई, राहू द्या. तुम्ही एवढं उन्हात बसून..."

"सहा पानास्नी किती येळ लागतोय? वाच."

दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. खुर्चीवर टाकलेला टॉवेल त्यांना दिसला. तो उचलून त्यांनी एका हातानं त्याची घडी घातली, आणि घडी घालता घालता त्यांना हसू आलं. नेहानं त्यांना असं हसताना क्वचितच पाहिलं होतं.

"एकतीस वर्षं," गिरजाबाई म्हणाल्या. "आमच्या चाळीत बी हीच रीत. ह्या हातानं टॉवेल लावला आन् ह्या हातानं काढला. सगळी चाळ गप करून ठिवली. आन् हे कंपनीत असताना बी एखाद्या दिशी लावावा, आन् आत रेडिओ ऐकत बसावं, हे काई मला सुचलं न्हाई बघ."

त्यांनी टॉवेल खुर्चीवर ठेवला आणि पोरांना घेऊन त्या जिना चढून गेल्या. नेहानं आतून कडी लावली, उशीला टेकून बसली आणि पुस्तक उघडलं. पहिली ओळ तिनं चार वेळा वाचली, तरी त्यातलं एक अक्षर तिला दिसेना, डोळ्यांपुढं सारख्या गोधडीला कान लावून पडलेल्या सासूबाई येत होत्या.